जिभेचं मडकं

तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्यानं संतांची डोकी पारखली, त्यांत नामदेवराय कच्चे निघाले. काकांनी आज आपल्या जिभेवर थापटी मारली तर? कुंथलगिरीचा पेढा आपल्याच जिल्ह्याचा. दोष त्याचा नव्हे. वारीत ठायी ठायी चहा येतो, नाही म्हणवत नाही. दहा कप, कपाला दोन चमचे, म्हणजे साखर ८० ग्रॅम तरी झाली! जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची मर्यादा मोठ्या माणसाला सुमारे ५०. गुळालाही तोच हिशेब. मधुमेहात पायाची जखम लवकर भरत नाही, आणि आपली वारी तर पायांवरच. मीही एकादशीला अन्न सोडी अन् राजगिऱ्याचे चार लाडू खाई! मग चहातली साखर अर्ध्या-अर्ध्या चमच्यानं उतरवली. आठ दिवस जीभ रुसली; महिन्यानं जुना चहा पाकासारखा लागला.