उघडी चौकट आणि वळवाचा पाऊस

अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासा तालुक्यात, शनिशिंगणापूर येथे देवाची काळी शिळा छताविना उघड्या चौथऱ्यावर उभी आहे, आणि गावातील घरांना परंपरेने दारे नाहीत; या दोन्ही गोष्टी एकाच श्रद्धेत जमा धरल्या जातात, तरी विचार त्यांच्यातील फरकाचा व्हायला हवा. देवाने छत नाकारले असे लोककथा सांगते, परंतु त्याचे अनुकरण म्हणून कोणा भक्ताने स्वतःच्या घराचे छप्पर उतरवलेले नाही.

शनी हा कर्मफळाचा नियंता, म्हणजे कर्त्याला त्याच्या कृत्याचे फळ देणारा, मानला जातो. चोर कर्ता असल्याने त्याला देवाचा धाक असू शकतो आणि कुलपाचे काम श्रद्धा करू शकते. वळवाच्या पावसाला, म्हणजे मृगाआधी वावटळ व गारा घेऊन कोसळणाऱ्या पावसाला, पाप लागत नाही. रात्री कुत्री शिरू नयेत म्हणून याच गावात चौकटीला फळी टेकवतात, आणि तिने व्रत मोडले असे कोणी मानत नाही.

पुराणांत पाऊस हीही देवतेचीच कृती असते, हा आक्षेप रास्त आहे. परंतु भागवतातील गोवर्धनकथेत इंद्र सात दिवस कोसळत असता श्रीकृष्ण त्याची करुणा भाकायला सांगत नाही, तो गुराढोरांसह साऱ्या गोकुळाला पर्वताचा आडोसा देतो. आडोसा उभारणे म्हणजे अश्रद्धा, हे म्हणणे त्यामुळे टिकत नाही.

मग आडोसा कसा असावा, हा प्रश्न उरतो. धाब्याचे घर, म्हणजे लाकडी सरांवर मातीचा जाड थर दिलेले सपाट छपराचे घर, वजनामुळे वाऱ्याला दाद देत नाही, पण झडीच्या पावसात त्याच्या भिंती भिजून खचतात. पत्रा स्वस्त पडतो, पण त्यावर दाबासाठी ठेवलेले दगडच वादळात जिवावर उठतात. शिवाय उघड्या चौकटीतून शिरलेला वारा छप्पर आतून वर रेटतो. म्हणून घराच्या मध्यभागी, भिंतींत व पायात नीट बांधलेल्या सिमेंटच्या स्लॅबची, आतून कडी लागणारी एक लहान खोली हाच आराखडा अधिक सयुक्तिक ठरतो. ही कडी शेजाऱ्यावरील अविश्वासाची नसून त्या फळीच्याच जातीची आहे, त्यामुळे शिंगणापुरातही ती व्रताच्या आड येऊ नये. गोवर्धनाची अट मात्र याहून अवघड आहे, कारण तेथे गाईही आत होत्या, आणि गोठ्यावर बहुधा पत्राच असतो.