यादी लागेपर्यंतचा वर्षावास



आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपण वर्षावास पाळतो. विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. याच सुमारास आपल्या काही घरांत दुसरीही एक वाट पाहणे चालू असते. मुलगी विज्ञान शाखेतून बारावी झालेली असते, बी. एस्सी. नर्सिंगची प्रवेश परीक्षा तिने दिलेली असते, आणि आता पहिली फेरी, दुसरी फेरी अशा याद्यांकडे सारे घर डोळे लावून बसते. शिवऱ्यासारख्या भोर तालुक्यातील गावात आईबाप भातलावणीच्या चिखलात उभे असतात आणि लेक बांधावर पुन्हा पुन्हा मोबाईल पाहत असते. पुणे-सातारा रस्ता गावाजवळून जातो, पुणे तासाभरावर आहे. पण तिथे आपल्या लेकीला जागा मिळेल की नाही, हे कोणी सांगू शकत नाही.

अशा वेळी मन कच्चे होते. शेजारीण म्हणते, नवस बोला. पाहुणा म्हणतो, पत्रिका दाखवा. ज्या घराने बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्या घरातही कोणी तरी हळूच म्हणते, ‘एक नारळ फोडला तर काय बिघडले?’ आणि जो नारळ फोडत नाही तोही म्हणतो, ‘नशिबात असेल तर होईल!’

बंधूंनो, मला नारळापेक्षा या ‘नशिबा’चे भय अधिक वाटते. नवसाला एक नारळ लागतो. नशिबाला आपली मुलगी लागते. यादीत नाव आले नाही की तोच शब्द पुढे येतो. ‘तिच्या नशिबात शिक्षण नव्हते’ असे म्हणायचे आणि आलेले स्थळ पक्के करायचे! मग सांगा, मागचा धर्म सोडून आपण नेमके काय सोडले?

तथागतांनी शिकविले की, जे घडते ते कारणाने घडते. यादीही कारणांनीच तयार होते. गुण, प्रवर्ग, जागांची संख्या आणि महाविद्यालयांचा आपण भरलेला पसंतीक्रम, ही तिची कारणे. यांतली काही आपल्या हाती नाहीत. त्यांची चिंता करून ती बदलणार नाहीत. पण काही आपल्या हाती आहेत. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र वेळेवर घेतले काय? त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, जुनी नोंद शोधून ठेवली काय? वसतिगृहाचा अर्ज केला काय? वसतिगृह न मिळाल्यास शासनाची स्वाधार योजना आहे, तिची माहिती घेतली काय? देवळाच्या पायऱ्या चढण्यात जाणारा वेळ तहसील कचेरीच्या पायऱ्यांवर घालविला, तर तो धम्मानेच घालविला असे समजा.

आता मुलींनो, तुमच्याशी बोलतो. तुम्ही ज्या कामासाठी वाट पाहत आहात, ते काम स्वतः तथागतांनी केलेले आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडला होता. कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवान बुद्ध आणि आनंद तिथे गेले. बुद्धांनी पाणी घातले, आनंदाने त्याचे अंग धुतले आणि दोघांनी उचलून त्याला अंथरुणावर निजविले. मग संघाला बोलावून बुद्धांनी सांगितले की, ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी. विनयपिटकात त्यांनी चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावे. रोग्याला काय पथ्याचे व काय अपायकारक हे कळावे. त्याने लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी. मलमूत्र, थुंकी, ओकारी काढताना किळस करू नये. आणि धम्माच्या बोलण्याने रोग्याचे मन उल्हसित करावे.

पाहा, ज्या घाणीच्या कामाला आपल्या पूर्वजांना जातीने जुंपले आणि त्याच कामासाठी अस्पृश्य ठरविले, त्याच कामाला तथागतांनी ज्ञान आणि मैत्री यांची जोड देऊन थोर केले. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. हा वारसा तुमचा आहे. या पाच गुणांपैकी मैत्री आणि किळस न करणे हे दोन गुण शिकायला कोणतीही यादी लागत नाही. घरात आजारी आजी असेल, तर आजपासून आरंभ करा.

आणि नाव आले नाही तर? तर बाबासाहेबांचे चरित्र आठवा. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. जहाजाने पाठविलेली त्यांची पुस्तकेही समुद्रात बुडाली. ते नशिबाला दोष देत बसले नाहीत. त्यांनी सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी केली, पैसा साठविला, १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले, १९२१ साली एम. एस्सी. आणि १९२३ साली डी. एस्सी. झाले. आपल्या समाजानेही अशीच वाट पाहिली आहे. १९५६ साली धम्मदीक्षा घेतली. पण केंद्राच्या कायद्याने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती १९९० साली मिळाल्या. ही चौतीस वर्षे समाज हात जोडून बसला नव्हता. तो मागणी करीत राहिला, लढत राहिला.

म्हणून पहिल्या फेरीत नाव नसेल तर दुसरी पाहा. या वर्षी पदवीला जागा मिळाली नाही तर जी. एन. एम. ही पदविका आहे. ती करून पुढे पोस्ट बेसिक बी. एस्सी. करता येते, आणि तिथून एम. एस्सी. नर्सिंगचीही वाट आहे. पुढच्या वर्षी परीक्षा पुन्हा देता येते. वाट लांबली म्हणजे बंद झाली असे नव्हे.

आईबापांना एवढेच मागणे आहे. या वर्षावासात एक निश्चय करा : यादीत नाव येवो वा न येवो, मुलीचे शिक्षण थांबविणार नाही आणि यादीच्या दुःखात तिचे लग्न ठरविणार नाही. लाभ आणि अलाभ दोन्हींत ज्याचे मन ढळत नाही, तोच खरा उपासक. यादी लागेल त्या दिवशी तिच्या शेजारी बसा. नाव असेल तर तिच्याबरोबर हसा. नसेल तर चुलीवर चहा ठेवा आणि तिला विचारा, ‘आता पुढचा अर्ज कोणता भरायचा?’

नमो बुद्धाय! जयभीम!