सवलत कोणाच्या हिताची?

एखादे कृत्य काल कायद्याने निषिद्ध होते. आज कायदा बदलला आणि तेच कृत्य संमत ठरले. मग त्या कृत्यातील नैतिक दोषही नाहीसा झाला काय? हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. पनवेलच्या खाडीकाठी राहणाऱ्या आपणांस तो रोज डोळ्यांसमोर दिसतो.

१९ फेब्रुवारी १९९१ रोजी केंद्र सरकारने किनारपट्टी नियमनाची अधिसूचना काढली. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यात काय करावे व काय करू नये, हे तिने ठरविले. कांदळवनांना तिने संरक्षण दिले. पुढे उलवे-पनवेल परिसरात विमानतळ उभारण्याचे योजिले गेले, तेव्हा ही अधिसूचना आड आली. मे २००९ मध्ये तिच्यात दुरुस्ती करून या विमानतळास वाट देण्यात आली व नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरणविषयक मंजुरी मिळाली. उलवे नदीचा प्रवाह वळविला गेला, सुमारे ९० मीटर उंचीची टेकडी सपाट झाली, कांदळवन तुटले. कोंबडभुजे, तरघर, चिंचपाडा, कोल्ही आदी गावे उठली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले.

मंजुरी देताना अटी घातल्या गेल्या, अन्यत्र कांदळवन लावण्यास सांगण्यात आले, हेही न्यायाने नमूद केले पाहिजे. विमानतळ नकोच होता, असेही माझे म्हणणे नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नियमाने जागेची परीक्षा करावयाची असते. येथे जागेसाठी नियमालाच बाजूला सरावे लागले.

असे एकदाच घडले असते, तर तो अपवाद म्हणता आला असता. तथापि जानेवारी २०१९ च्या नव्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील बांधकाममुक्त पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. २०२० च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या मसुद्यात जनसुनावणीसाठी लोकांना मिळणारी मुदत ३० दिवसांवरून २० दिवसांवर आणण्याचे सुचविले होते. काम आधी सुरू करून मंजुरी मागाहून घेण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०२५ रोजी बेकायदा ठरविली; त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला दोन विरुद्ध एक अशा मताने तो निर्णय मागे घेण्यात आला. पश्चिम घाटाविषयी माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये अहवाल दिला, त्यानंतर कस्तुरीरंगन समितीचाही आला. आणि संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा मसुदा ३१ जुलै २०२४ रोजी सहाव्यांदा प्रसिद्ध झाला. बांध एका रात्रीत फुटत नाही. आधी खेकडे त्याला भोके पाडतात.

संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा थिओलॉजिका’ या ग्रंथात या प्रश्नाचा विचार केला आहे. कायदा म्हणजे सत्ताधीशाची इच्छा नव्हे; तो सामाईक हितासाठी दिलेला विवेकाचा आदेश होय. परिस्थिती बदलली तर मानवी कायदा बदलता येतो, हे ते मान्य करतात. मात्र कायदा बदलणे हेच काही अंशी हानिकारक असते, कारण त्यामुळे तो पाळण्याची सवय मोडते. म्हणून त्या हानीची भरपाई होईल एवढे सार्वजनिक हित साधत असेल, तरच तो बदलावा. आणि सामाईक हिताकडे न पाहता जो सवलत देतो, तो आपल्या विश्वस्तपदाशी बेइमानी तरी करतो किंवा अविचार तरी.

आपल्या कुटुंबांना ‘सवलत’ हा शब्द परका नाही. ख्रिस्तीतर व्यक्तीशी विवाह व्हावयाचा असेल, तर ख्रिस्तसभा तशी सूट देते; परंतु योग्य कारण विचारल्याशिवाय नाही. विवाहाची सूट देताना आपण कारण विचारतो, मग नदी वळविताना का विचारू नये?

पवित्र शास्त्रात नाबोथाच्या द्राक्षमळ्याची कथा आहे. अहाब राजाने तो मळा दरोडा घालून घेतला नाही. ईजबेलने राजाच्या नावे पत्रे लिहिली, मोहोर लावली, साक्षीदार उभे केले, निवाडा करविला. कागदोपत्री सारे यथासांग होते. तरीही एलियाने त्याला खून व लुबाडणूकच म्हटले. शिक्का असला म्हणजे न्याय असतोच असे नाही, एवढे तरी या कथेवरून कळते.

कोणी म्हणेल, ‘फादर, पोराला नोकरी हवी, विकास नको काय?’ प्रश्न रास्त आहे. गरिबाच्या चुलीची चिंता न करणारे पर्यावरणप्रेम ख्रिस्ती नव्हे. पण हिशेब पुरा मांडावा. औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कर्बद्विप्राणिल वायूचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर आहेत. २०२४ हे नोंदींतील सर्वांत उष्ण वर्ष ठरले. समुद्र चढत असताना कांदळवन लाटांचा जोर मोडते, गाळ धरून ठेवते, चिखलात कर्ब साठविते. ते गेल्यावर पाणी प्रथम शिरते ते तळमजल्यावर, कोळीवाड्यात, झोपडीत. लाभ एकाच्या पदरी व हानी दुसऱ्याच्या, तर त्यास सामाईक हित कसे म्हणावे? आणि ज्यांना सर्वाधिक सोसावे लागेल, ती बालके तर अद्याप जन्मलीही नाहीत. त्यांची हरकत कोण नोंदविणार?

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रात हवामानाला सर्वांची सामाईक ठेव मानले आहे, आणि परिणामांचा विचार योजना ठरल्यावर नव्हे, आरंभापासूनच व्हावा असा आग्रह धरला आहे. सरकारने हे ऐकले नाही, अशी तक्रार करून आपण मोकळे होऊ नये. अधिसूचनेचा मसुदा निघतो तेव्हा हरकतीसाठी मुदत असते. जनसुनावणीच्या जाहिराती वर्तमानपत्रांत येतात. त्या वाचणे, शेजाऱ्याला समजावून सांगणे, अर्ज लिहिणे, सुनावणीस जाऊन सभ्य शब्दांत प्रश्न विचारणे, हेही शेजारप्रीतीचेच काम आहे. प्रायश्चित्त संस्कारापूर्वी आपण केलेल्या पापांची उजळणी करतो. न केलेल्या कर्तव्यांचीही करतो. त्या यादीत यापुढे ही एक ओळ वाढवावी: नियम सैल होत होता, तेव्हा मी कोठे होतो?