हितचिंतकाच्या वेषातील प्रलोभन

प्रलोभन हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे मद्यालय, जुगाराचा अड्डा किंवा एखादे निर्लज्ज दृश्य उभे राहते. त्यांपासून दूर असलेला मनुष्य स्वतःला सुरक्षित समजतो. परंतु पवित्र कुरआनने मानवाच्या पहिल्या चुकीची जी हकिकत सांगितली आहे, तिच्याकडे लक्षपूर्वक पाहा. सैतान हजरत आदम (अ.) आणि हजरत हव्वा (अ.) यांच्यापुढे शत्रू म्हणून आला नाही. सूरह आराफमध्ये सांगितले आहे की, त्याने शपथा घेऊन स्वतःला त्यांचा हितचिंतक म्हणविले. सूरह ताहानुसार त्याने दाखविलेले आमिष अमरत्वाचे आणि अक्षय राज्याचे होते. प्रलोभन पापाचे नाव सांगत येत नाही. ते लाभाच्या, आपुलकीच्या, कधी तर कर्तव्याच्याही रूपाने येते.

एका पित्याचे उदाहरण घ्या. मुलीचा निकाह साधेपणाने करावा, अशी त्याची मनापासून इच्छा असते. मग घरात चर्चा सुरू होते. "लग्न काय रोज रोज होते का?", "भावकीत तोंड कसे दाखवायचे?", "हप्त्याने फेडता येईल की!" बोलणारे सर्व आप्तच असतात आणि प्रत्येकाच्या बोलण्यात माया असते. अखेर तो व्याजाने कर्ज काढतो. ज्या व्याजाविरुद्ध सूरह बकरामध्ये अल्लाह व त्याच्या प्रेषिताकडून युद्धाची घोषणा आहे, ते व्याज लेकीच्या प्रेमाचे नाव घेऊन घरात शिरते. त्याच सूरहमध्ये सैतान माणसाला दारिद्र्याचे भय दाखवितो, असेही सांगितले आहे. म्हणजे प्रलोभन केवळ हावेने होत नाही, ते भयानेही होते.

बाजारातही हेच घडते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एकदा धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. ते कारण प्रेषितांनी (स.) नाकारले नाही. लोकांना दिसेल असे ते ओले धान्य वर का ठेवले नाहीस, हा त्यांचा प्रश्न होता. आणि फसविणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे त्यांनी बजावले. आज आपण फळांच्या पेटीत वरचा थर निवडून लावतो आणि त्याला 'धंद्याची रीत' म्हणतो. नाव बदलले की पाप हलके वाटू लागते.

येथे एक प्रश्न उभा राहतो. सारा समाजच मोहात पाडत असेल, तर एकट्या माणसाचा दोष किती? सूरह इब्राहीम याचे उत्तर देते. निवाड्याच्या दिवशी सैतान स्वतःच सांगेल की, माझी तुमच्यावर सत्ता नव्हती. मी केवळ बोलाविले आणि तुम्ही आलात. आता मला नव्हे, स्वतःला दोष द्या. त्या दिवशी "लोक काय म्हणतील" हे कारण चालणार नाही, कारण ते लोक आपापल्या हिशेबात गुंतलेले असतील.

मग बोलाविणारा निर्दोष सुटतो काय? मुळीच नाही. सूरह नहलमध्ये इशारा आहे की, दुसऱ्यांना अज्ञानाने वाट चुकविणारे आपल्या ओझ्याबरोबर त्यांच्या ओझ्याचाही काही भाग उचलतील. कुरआनच्या शेवटच्या सूरहमध्ये कुजबुज करणाऱ्यापासून आश्रय मागताना, तो जिन्नांपैकी असो वा माणसांपैकी, असे म्हटले आहे. नमाजमध्ये ही सूरह आपण कितीदा तरी म्हणतो. परंतु ती कुजबुज करणारा माणूस कदाचित आपणच असू, हा विचार किती वेळा मनात येतो?

उपायही प्रेषितांनी (स.) सांगून ठेवला आहे. राखीव कुरणाच्या कडेला गुरे चारणाऱ्या गुराख्याची गुरे केव्हातरी आत शिरतातच. म्हणून संशयास्पद गोष्टींपासूनच दूर राहावे. व्याजाच्या करारावर सही करताना नव्हे, तर पाहुण्यांची यादी करतानाच थांबावे लागते.

आणि पुढच्या वेळी कोणी पिता, भाऊ किंवा शेजारी सल्ला मागण्यास आला, तर त्याला साधेपणाचे धैर्य द्या. "तू थोडक्यात कर, आम्ही तुझ्या पाठीशी आहोत," एवढे एक वाक्यही कदाचित एका घराला वर्षानुवर्षांच्या पापातून वाचवील. अल्लाह आपल्याला प्रलोभनापासून वाचवो आणि इतरांसाठी प्रलोभन होण्यापासूनही वाचवो. आमीन.