वेशीपर्यंत सामोरे



प्रभूच्या पुनरागमनाचा विचार आला की आपल्याला वाटते, या जगातून एकदाची सुटका होईल. संत पौल मेघांत प्रभूला भेटण्याविषयी लिहितो (१ थेस्सल. ४:१७). तेथील ग्रीक शब्द आहे ‘अपांतेसिस’, म्हणजे सामोरे जाणे. रोमचे बंधू पौलाला असेच सामोरे गेले आणि त्याच्यासह शहरात परतले (प्रे. कृ. २८:१५-१६). दहा कुमारिकांच्या दाखल्यातही हाच शब्द आहे (मत्तय २५:६).

कुंडलच्या वेशीपर्यंत पाहुण्याला सामोरे जाणारा त्याला मानाने गावात आणतो. या अर्थाने वाचले, तर प्रभूलाही आपण इथेच आणायचे आहे. मग बांधावरून भावाशी धरलेला अबोला आणि मजुराची थकवलेली मजुरी तशीच ठेवून आपण वेशीवर कसे जाणार? या आठवड्यात एवढे तरी मिटवू या.