मनाचे उचंत खाते

आम्ही बँकेतली माणसे पैशाला पैसा जुळवणारी. पण इतक्या काटेकोर व्यवहारातही एक उचंत खाते असते. आम्ही त्याला सस्पेन्स म्हणायचो. ज्या रकमेचा आज उलगडा होत नाही, ती तिथे नोंदवायची आणि दिवसाचे काम बंद करायचे. यात लपवाछपवी नाही. रक्कम लिहिलेली असते, तिचा छडा पुढे लावावाच लागतो.

चोख काम करणे हे कर्तव्यच. मग बिनचूकपणाचा हट्ट माणसाला का पोखरतो? मला वाटते, चोख माणसाचे लक्ष कामावर असते, हट्टी माणसाचे स्वतःवर. ‘एवढे राहिले’ यावर त्याचे भागत नाही. ‘मीच कमी पडलो’ असे तो धरून बसतो. त्याच्या मनात उचंत खातेच नसते. रोजचा फरक तो घरी आणतो, जेवताना-झोपताना तोच मोजतो. काम थांबते, शीण थांबत नाही.

अशा साचत गेलेल्या शिणाला हल्ली बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली त्याची तीन लक्षणे मांडली: गळून जाणे, कामावरून मन उडणे आणि उरक घटणे. म्हणजे बघा, बिनचूक करायला निघालेल्याचे कामच शेवटी खालावते!

आणि हे शिकवतो कोण? आपणच. नातवाला ९५ मार्क पडले की आपण विचारतो, “पाच कुठे गेले रे?” ते पाच उचंत खात्यात टाकू या, त्यांचे उद्या बघता येईल. आधी ९५ जमेस धरू या.