विद्येचे ऋण

सावकाराचे कर्ज वहीत मांडलेले असते. विद्येचे कर्ज कोणी मांडून ठेवत नाही. म्हणून ते राहून गेले तरी घेणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. एका तरुण अमेरिकन संगीतरचनाकार स्त्रीची हकीकत वाचताना हा विचार माझ्या मनात घोळू लागला.

कॅरोलाइन शॉचा जन्म १९८२ सालचा, उत्तर कॅरोलायना राज्यातला. ती दोन वर्षांची असताना आईनेच तिला व्हायोलिनचे पहिले धडे दिले. राइस आणि येल ह्या विद्यापीठांच्या पदव्या तिने मिळवल्या, त्याही व्हायोलिनवादनाच्याच. रचनाशास्त्राच्या अभ्यासासाठी ती प्रिन्स्टनला गेली २०१० साली. तत्पूर्वीच ‘रूमफुल ऑफ टीथ’ ह्या आठ गायकांच्या मेळात ती गाऊ लागली होती. हा मेळ उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या एका कलासंग्रहालयात मुक्काम करी आणि देशोदेशींच्या गायनाच्या तऱ्हा जाणकारांकडून शिकून घेई. त्या शिक्षणातून तिची ‘आठ आवाजांसाठी पार्टिटा’ ही रचना घडली. २०१३ साली तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. तेव्हा तिचे वय अवघे तीस. संगीताचे हे पारितोषिक इतक्या लहान वयात त्याआधी कोणालाच मिळाले नव्हते.

पुढे २०१९ साली तान्या तगाक ह्या कॅनडातल्या इन्युइट गायिकेने जाहीर हरकत घेतली. पार्टिटाच्या एका भागात ‘कताज्जाक’चा वापर आहे, आणि त्याचे श्रेय इन्युइट लोकांना मिळत नाही, असे तिचे म्हणणे. कताज्जाक हा बायकांचा खेळ. दोघी समोरासमोर उभ्या राहतात, एकमेकींचे दंड धरतात आणि घशातून, श्वासातून सूर काढतात. जिला आधी हसू फुटेल किंवा जिचा दम तुटेल ती हरली. मिशनऱ्यांनी हा खेळ एके काळी बंद पाडला होता. म्हाताऱ्या बायकांनी आठवणीत जपला म्हणून तो पुन्हा उभा राहिला.

आता दोष कोणाला द्यावा? गायकांनी ही कला चोरून ऐकली नव्हती. इन्युइट गायिकांसमोर बसून ती शिकली होती. आणि घेतल्यावाचून कोणती कला वाढली आहे? उसनवार पाप ठरवले तर संगीत उद्याच मुके होईल. घ्यावे, हे मला मान्य आहे.

पण त्याच रचनेच्या भागांची नावे पाहा: आलमांद, साराबांद, कुरांत, पासाकालिया. पहिली तीन युरोपातल्या जुन्या नृत्यांची, चौथे तिथल्याच एका जुन्या रचनाप्रकाराचे. म्हणजे युरोपचे देणे मथळ्यातच नोंदलेले आहे. कताज्जाकचे नाव मात्र एकाही मथळ्यात नाही. ज्यांची नावे पुसली जाण्याचे भय नाही त्यांची आपण आठवणीने घेतो, आणि ज्यांना आपल्याच गाण्याची लाज धरायला लावले त्यांची राहून जातात. ह्यात दुष्टावा नसेलही. सवय असते, आणि ती मोडायला कष्ट पडतात.

शिकवणीचे पैसे दिले की फिटले, असे कोणी म्हणेल. मी शाळामास्तर आहे. महिन्याचा पगार घेऊन शिकवतो, तेव्हा ह्या हिशेबाशी माझा रोजचा परिचय आहे. पगार मिळतो तो माझ्या वेळाचा. मी शिकवतो ती भाषा मी निर्माण केलेली नाही. कोण जाणे किती पिढ्यांच्या तोंडून ती माझ्यापर्यंत आली. त्यांचे देणे कोणाच्या पगारातून भागणार?

आपल्याकडचा गवई गुरूचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो. गंडा बांधताना त्याने दक्षिणा दिलेली असते, तरीही लावतो. कारण दक्षिणेने देणे संपले असे तो मानीत नाही. जाहीर बैठकीत, टाळ्या पडायच्या आधी, हे माझे एकट्याचे नव्हे असे तो सांगतो. त्याने त्याचे गाणे कमी होत नाही.

ही गोष्ट गवयापुरतीच नाही. ह्या दिवाळीत कोणी करंजीच्या मुरडीचे कौतुक केले, तर ती शिकवणारी सासू किंवा शेजारीण कोण, हेही सांगावे. नाव घेण्याला काही खर्च येत नाही. न घेतल्याचा तोटा मात्र दुसऱ्यालाच सोसावा लागतो.